ओठांवर तपासलेली

मावशींनी कापसाच्या बोळ्याने ओठ पुसले, डाव्या अर्ध्यावर नव्या बॅचची कांडी फिरवली, उजव्या अर्ध्यावर नमुन्याची, आणि तोंड किंचित उघडे ठेवून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आता दहा मिनिटे बोलणे बंद. ओठावर ओठ घासला की दोन रंग एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. कारखान्यात नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावले जाई, की मावशी खिडकीशी असताना त्यांना काही विचारायचे नाही, आणि हसवायचे तर मुळीच नाही.

दारवानाला हे चांगले ठाऊक होते. तरीही तो आत आला.

“साहेबांनी बोलावलंय. लगेच.”

मावशींनी दोन्ही हातांची बोटे पसरून दाखवली. दहा.

“लगेच म्हणालेत.”

मावशींनी तीच दहा बोटे त्याच्या नाकाजवळ नेली. दारवान मान हलवत निघून गेला.

दहा मिनिटे झाल्यावर त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शेजारच्या आरशात पाहिले. उजवीकडे नमुन्याचा भरदार विटकरी लाल होता. डावीकडे तोच रंग, पण कुणी त्यात चमचाभर दूध ओतल्यासारखा. पुन्हा तेच. पाच महिने हेच चालले होते.

“लाल कमी पडलाय,” मावशी मागे न वळताच म्हणाल्या.

मागच्या टेबलाशी केमिस्ट पोरगी बसली होती. तिच्यापुढे रंग मोजायचे यंत्र होते, धाकट्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी तिच्याबरोबरच आणलेले.

“मावशी, यंत्र तर जुळतंय म्हणतंय. अगदी तंतोतंत.”

“यंत्राला ओठ आहेत का?”

“नाहीत, पण...”

“मग त्याने मधे बोलू नये.”

“दुकानदारांच्या तक्रारी आल्यात. हा रंग हल्ली गडद येतो म्हणतात. पाच महिने तुम्ही प्रत्येक बॅचला लाल वाढवायला लावताय.”

“दुकानदार स्वतः लावून बघतात वाटतं?”

पोरगी हसली नाही. हल्ली ती मावशींच्या बोलण्याला हसत नसे. मागच्या महिन्यात ती कुणापाशी तरी ‘मावशींची नजर गेलीय आता’ असे बोलली होती, आणि ते दोन दिवसांत फिरत फिरत मावशींच्या कानावर आले होते. त्या दिवशी मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षे! सव्वीस वर्षे या डोळ्यांनी लाखो कांड्या पास केल्या, आणि आता त्यांची लायकी एका खोक्याने ठरवायची. पोरीला त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त चमचाभर जास्तच लाल घालायला लावला.

त्यांना तो अधिकार होता. प्रत्येक बॅचबरोबर एक कार्ड येई, त्यावर मावशींसाठी एकच चौकट होती: ‘नमुन्याशी जुळते’. त्या चौकटीत मावशींची सही पडल्याशिवाय भांड्यातली बॅच साच्यात ओतायची नाही, असा थोरल्या साहेबांचा नियम होता. थोरले साहेब जाऊन तीन वर्षे झाली, पण नियम राहिला होता. मावशींचाही एक नियम होता. बघितल्याशिवाय सही नाही, मग ती कसलीही असो. पगाराच्या पावतीवरसुद्धा त्या चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचत आणि रांगेतल्या बायका मागून करवादत.

आजच्या कार्डावर त्यांनी सही केली नाही. कार्ड साडीवरच्या ॲप्रनच्या खिशात टाकले, चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला आणि साहेबांनी कशाला बोलावले असेल याचा विचार करत त्या निघाल्या.

साहेबांच्या खोलीकडे जायचे तर पॅकिंगच्या हॉलमधून जावे लागे. लांबलचक टेबलांशी चाळीसेक बायका बसून कांड्या डब्यांत आणि डब्या खोक्यांत भरत होत्या. सगळ्यांचे ओठ रंगवलेले. महिनाअखेरीला तुटक्या कांड्या बायकांना फुकट वाटायची इथली जुनी पद्धत होती, आणि फुकटची लिपस्टिक कोण सोडते? कुणाच्या ओठांवर गुलाबी, कुणाच्या जांभळा, एकीच्या तर दोन्ही. मावशी जाताना नेहमीप्रमाणे चार-दोघींना टोमणे मारत, चार-दोघींचे ऐकून घेत गेल्या.

टेबलांवरच्या त्या डब्यांवर काय छापले होते ते एकदा वाचण्यासारखे आहे. वाचून कुणालाही वाटावे, की ही लिपस्टिक नसून टॉनिक आहे. ओठ मऊ ठेवते, फुटू देत नाही, दिवसभर ओलावा टिकवते. मध, बदामाचे तेल आणि ‘ई’ जीवनसत्त्वाने समृद्ध. मध! सव्वीस वर्षांत मावशींनी या इमारतीत मध पाहिला तो एकाच बाटलीत, आणि ती थोरल्या साहेबांच्या खोकल्याची होती. बदामाचे तेल पडे, नाही असे नाही. चाळीस किलोच्या भांड्यात चहाचा एक चमचा. बाकी होते ते मेण आणि एरंडेल. मधमाशीचे मेण कांडीला आकार यावा म्हणून, झाडाच्या पानांचे कडक मेण ती उन्हात वाकू नये म्हणून, एरंडेल रंग सारखा पसरावा आणि ओठ चमकावेत म्हणून, शिवाय अभ्रकाची पूड आणि गेरूच्या जातीचा लाल. यात लाज वाटण्यासारखे काय होते? मेणाने आणि एरंडेलाने ओठ थंडीत खरोखरच फुटत नाहीत, हे मावशी शपथेवर सांगायला तयार होत्या. खरे तेवढे छापले असते तरी लोकांनी घेतलीच असती. पण धाकट्या साहेबांना खरे छापायची लाज वाटे, खोट्याची वाटत नसे.

तेलाला खवट वास येऊ नये म्हणून पूर्वी त्यात खरोखरच ‘ई’ जीवनसत्त्वाचे तेल पडायचे. सव्वा वर्षापूर्वी ते बंद झाले आणि त्याच्या जागी एका निळ्या कॅनमधले काहीतरी आले. स्वस्त, आणि चिमूटभर पुरे. डबीवर जीवनसत्त्व तसेच राहिले. मावशींनी तेव्हा नाक मुरडले होते, पण भांड्यात काय पडते ते बघणे त्यांचे काम नव्हते. त्यांचे काम रंगाचे.

आणि डबीच्या मागे, सगळ्यात खाली, ओठांचा एक लाल ठसा होता. त्याखाली लिहिलेले: ‘ओठांवर तपासलेली’. तो ठसा मावशींचा होता. थोरल्या साहेबांनी वीस वर्षांपूर्वी त्यांना कोऱ्या कागदावर ओठ टेकवायला लावले तेव्हा लाजून त्यांची पुरेवाट झाली होती. नंतर मात्र कुणाच्याही घरी ती डबी दिसली, की त्या ती उलटी करून बघत.

धाकट्या साहेबांच्या खोलीत एक बाई बसली होती. चाळिशीची, अंगावर बस कंडक्टरचा गणवेश, मांडीवर चामडी पिशवी. नाकाखालचा चेहरा रुमालाने बांधलेला.

“या मावशी,” साहेब म्हणाले. “ह्या बाई तिसऱ्यांदा आल्यात. ह्यांचं म्हणणं असं, की आपल्या लिपस्टिकने ह्यांच्या ओठांवर डाग पडलेत.”

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रंग गडद झाला म्हणा, कांडी मोडली म्हणा, पण डाग?

“आपल्या?” त्या बाईकडे वळल्या. “अहो बाई, माझ्याकडे बघा. सव्वीस वर्षं लावतेय. रोज, दिवसातून चार-चार वेळा. एवढी तुम्ही उभ्या जन्मात लावली नसेल. मला काही झालंय?”

साहेब समाधानाने खुर्चीत मागे रेलले. आपल्याला याचसाठी बोलावले होते, हे मावशींच्या लक्षात आले आणि त्यांना ते आवडले नाही. पण बोलून तर झाले होते.

कंडक्टरबाईने रुमाल सोडला. खालच्या ओठाचा मधला सगळा भाग आणि वरच्या ओठाची एक कड सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखी पांढरी होती. पांढऱ्याची एक बारीक जीभ ओठ सोडून हनुवटीकडे निघाली होती.

“आधी तांदळाच्या दाण्याएवढा होता,” ती म्हणाली. “लिपस्टिक लावली की दिसायचा नाही. म्हणून मग मी रोज लावायला लागले. डाग वाढला, की थर वाढवायचे. तुमचीच डबी. संपली की पुन्हा तुमचीच. मैत्रिणींना सांगायचे, घ्या, छान झाकते म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, काय लावता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, मी काय करत होते.”

“आता बंद केलीत ना?” साहेबांनी विचारले.

“दोन महिने झाले. तरी पसरतोय.”

“बघा. म्हणजे आमचा संबंध नाही. हे अंगातलंच असतं, बाई. घराण्यात असेल कुणाला.”

“नाहीये.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नसेल.”

कंडक्टरबाईचा हात पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट झाला. आवाज मात्र तिने चढवला नाही. भरल्या बसमध्ये उभे राहून रोज शंभर जणांशी वाद घालणाऱ्या माणसाला आवाज कधी राखायचा ते कळते.

“साहेब, लोक माझ्या हातात पैसे देत नाहीत. सीटवर ठेवतात. काल एकीने माझा धक्का लागू नये म्हणून पोराला मागे ओढलं. हे लागत नाही हो, हा रोग नाही, असं तिकीट फाडता फाडता मी किती जणांना सांगू? ते जाऊ दे. मी पैसे मागायला आलेले नाही. आधी दोनदा सांगितलं, पुन्हा सांगते. ह्यात काय काय घालता ते खरं खरं कागदावर लिहून द्या. डॉक्टर म्हणतात, नेमकं कशाने झालं त्याचं नाव कळलं पाहिजे. तेच साबणात असेल, क्रीममध्ये असेल. नाव माहीत नसेल तर टाळू कशी मी? चेहराभर व्हायच्या आत थांबवायचंय मला.”

“डबीवर छापलंय की सगळं.”

“मध आणि बदाम? मधाने झालंय का हे?”

“बाकीचं धंद्यातलं गुपित आहे. ते कुठलीच कंपनी देत नाही.” साहेबांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढून मावशींपुढे सरकवला. “मावशी, एवढी सही करा. वकिलांनी मागितलंय.”

“काय आहे?”

“तुम्ही आत्ता बोललात तेच. तुमचे ओठ ठणठणीत आहेत, एवढंच.”

मावशींनी कागद हाताच्या अंतरावर धरला. अक्षरे मुंग्यांसारखी दिसत होती.

“चष्मा खिडकीशी राहिलाय. वाचून आणते.”

“अहो, मी वाचून दाखवतो ना.”

“बघितल्याशिवाय मी सही करत नाही, साहेब. तुमच्या वडिलांनाही माहीत होतं.”

खिडकीशी येऊन मावशींनी चष्मा लावला. कागदावर तीनच वाक्ये होती. मी गेली सव्वीस वर्षे या कंपनीची प्रत्येक बॅच स्वतःच्या ओठांवर तपासत आहे. हे खरे होते. या काळात घटकांमध्ये कोणताही बदल झालेला नाही. हे धडधडीत खोटे होते, आणि ते आपल्या तोंडी घातलेले पाहून मावशींचे कान तापले. निळा कॅन काय आपोआप चालत आला? त्यांनी पेन काढून त्या वाक्यावर आडवी रेघ मारली.

तिसरे वाक्य होते: माझे ओठ पूर्णपणे निरोगी आहेत. याला काही हरकत नव्हती. त्यांनी सहीसाठी पेन टेकवलेही. पण हात थांबला तो केवळ सवयीने. सही ज्याच्यावर करायची ते आधी बघायचे.

बेसिनपाशी जाऊन त्यांनी ओठ पुसले. नेहमी एका बोळ्यात भागे. आज त्यांनी दोन बोळे घेतले, तेलाचे थेंब टाकून, रेषांमध्ये मुरलेला लाल निघेपर्यंत. मग आरशापाशी आल्या. बेसिन एका भिंतीला, आरसा दुसऱ्या. ओठ पुसायचे तिकडे, बिनचष्म्याने, आणि आरशात बघायचे ते रंगवल्यावर, चष्मा लावून. घरी जाताना रंग तसाच असे, आणि रात्री तोंड धुताना आरशात कोण बघते? पुसलेले ओठ आणि चष्मा यांची गाठ किती वर्षांत पडली नव्हती, ते त्यांना आठवेना.

डाव्या कोपऱ्यापासून ओठ पांढुरके होते. वरचाही, खालचाही. पांढरेपणा मधोमध येई आणि जिथे त्या रोज कांडी थांबवत, नेमका तिथे थांबे. तिथून पुढे उजवा अर्धा होता तसा होता, सावळा, त्यांचा स्वतःचा.

तेल राहिले असेल म्हणून त्यांनी पदराने पुसले. पुन्हा पुसले. ओठ दुखू लागला तेव्हा थांबल्या.

डावीकडे नवी, उजवीकडे थोरल्या साहेबांच्या वेळी ओतून ठेवलेला नमुना. कधी उलट नाही. हे त्यांनी कितीतरी जणांना शिकवले होते. आणि डावीकडचा रंग फिका दिसतो म्हणून पाच महिने त्या आकांडतांडव करत होत्या! रंग फिका नव्हताच. पांढऱ्या पडत चाललेल्या ओठावर चांगला रंग फिका दिसत होता, आणि त्या चांगल्या बॅचमध्ये चमच्या-चमच्याने लाल ओतून तो बिघडवत होत्या. दुकानदार खरे बोलत होते. यंत्राचे ते खोकेसुद्धा खरे बोलत होते.

“इकडे ये गं,” त्या म्हणाल्या.

केमिस्ट पोरगी आली. तिने मावशींना बिनरंगाचे कधी पाहिले नव्हते. पाहिले, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या तोंडाकडे गेला.

“तुझं यंत्र बरोबर होतं,” मावशी म्हणाल्या.

“मावशी... हे कधीपासून?”

“ते मला काय विचारतेस? माझी वही बघ.”

वहीत प्रत्येक बॅचची एक ओळ होती. ‘जुळते, जुळते, जुळते’ अशी पाने भरली होती. ‘डावी बाजू फिकी, लाल वाढवावा’ असे पहिल्यांदा लिहिले होते ते निळा कॅन आल्यानंतर दहा महिन्यांनी. पोरगी ती तारीख बघत उभी राहिली.

“मी साहेबांना सांगितलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “कॅन आला त्याच दिवशी. हे रबराच्या कारखान्यात वापरतात, रबर लवकर खराब होऊ नये म्हणून. अंगाला लावायच्या वस्तूत घालत नाहीत. ते म्हणाले, चिमूटभराने काय होतंय.”

“साहेबांना सांगितलंस.”

“हो.”

“आणि मला?”

पोरीने वही मिटली.

“रोज माझ्यासमोर बसतेस,” मावशी म्हणाल्या. “कापूस तू आणून देतेस. कांडी तू हातात देतेस. मी ती तोंडाला फासते ते तू रोज बघतेस. आणि एवढी मूग गिळून बसलीस? वर माझी नजर गेली म्हणून गावभर सांगितलंस!”

“नोकरी जाईल म्हणून... मावशी, माझ्या घरात मी एकटीच...”

“नोकरी तर मलाही आहे.” मावशींनी तो टाइप केलेला कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. मोठ्या, सुट्या अक्षरांत त्यांनी एकाखाली एक लिहायला सुरुवात केली. मधमाशीचे मेण. झाडाच्या पानांचे मेण. एरंडेल. अभ्रक. लाल रंग, दोन प्रकारचा. सुवास. बदामाचे तेल, एक चमचा. मध नाही. जीवनसत्त्व नाही. मग त्यांनी पेन पोरीपुढे धरले. “आता कॅनवरचं नाव लिही. पूर्ण. आकडे असतील तर आकड्यांसकट. तुझ्या अक्षरात.”

पोरीने दाराकडे पाहिले. नंतर मावशींच्या तोंडाकडे. तिथे तिला जास्त वेळ बघवेना. तिने कागद टेबलावर सरळ केला आणि लिहिले.

मावशी परत गेल्या तेव्हा साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी वर पाहिले, फोन कानापासून खाली आला, आणि कपाळाला आठी पडली.

“मावशी, हे काय? आधी लिपस्टिक लावून या.”

समोरचे हे पोर अर्ध्या चड्डीत कारखान्यात यायचे तेव्हा त्यांनी त्याच्या हाताला लागलेले रंग ओठ पुसायच्या तेलानेच पुसून दिले होते. ते आज त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्याला एवढेच सुचले होते.

कंडक्टरबाई उठली. संशयास्पद नोट उजेडात धरून बघावी तशी जवळ येऊन तिने मावशींचे ओठ निरखले.

“अर्ध्यावरच कसा?”

“डावीकडे नवी लावते. उजवीकडे जुनी, थोरल्या साहेबांच्या वेळची. रोज.”

कंडक्टरबाईने सावकाश साहेबांकडे मान वळवली.

“हे वयाने होतं कुणाकुणाला,” साहेब म्हणाले. “मावशींच्याही घराण्यात कुणाला...”

“डाव्या बाजूचं घराणं वेगळं आहे का माझं?” मावशी कडाडल्या. बाहेर पॅकिंगच्या हॉलमधली कुजबुज थांबली. “तोंड एकच आहे, साहेब. वीस वर्षं हे तोंड छापून डब्या विकल्यात तुम्ही. आता ते नीट बघून घ्या, आणि मग घराण्यात शिरा!”

त्यांनी कागद कंडक्टरबाईच्या हातात दिला.

“ह्यात काय काय आहे ते सगळं लिहिलंय. शेवटचं नाव महत्त्वाचं. डॉक्टरांना ते आधी दाखवा.”

“तो कागद इकडे द्या,” साहेब उठून उभे राहिले. “मावशी, कंपनीची गुपितं बाहेर देता? याचा परिणाम काय होईल कल्पना आहे? सव्वीस वर्षांवर पाणी सोडावं लागेल.”

“आहे कल्पना. म्हणून तर खाली सही केलीय. बघून केलीय.” मावशींनी खिशातले कार्ड काढून टेबलावर ठेवले. त्याची चौकट रिकामी होती. “आणि भांड्यातली बॅच ओतायची नाही.”

कंडक्टरबाई उभ्याउभ्याच यादी वाचत होती, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. शेवटच्या नावापाशी तिचे बोट थांबले. ओठ हलले, पण ते नाव तिला उच्चारता आले नाही. तिने कागदाची घडी घातली, पिशवीतल्या सुट्या पैशांचा कप्पा सोडून आतला, नोटांचा कप्पा उघडला, घडी त्यात ठेवली आणि बटण दाबून बंद केले. मग खुर्चीवरचा रुमाल उचलला. तो बांधावा की नाही असा क्षणभर विचार करून तिने तोही पिशवीत टाकला.

“थांब्यापर्यंत येता?” तिने मावशींना विचारले. “मला त्या नावातलं एकेक अक्षर नीट सांगा. डॉक्टरांपुढे अडायला नको.”

“चला.”

साहेब मागून काहीतरी बोलत होते, वकील, नोटीस, असे शब्द येत होते. दोघी खोलीतून बाहेर पडल्या आणि पॅकिंगच्या हॉलमधून चालू लागल्या. एकीचा ओठ मधे पांढरा, एकीचा डावीकडे. टेबलांवरचे हात थांबत गेले. एरवी मावशी हॉलमधून गेल्या की दोन्ही बाजूंनी काहीतरी बोलणे होई. आज कुणी काही बोलले नाही, आणि मावशींनीही मान खाली घातली नाही.

दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या बाईने त्यांच्याकडे पाहिले, मग हातातल्या डबीकडे. डबी उलटी करून तिने मागचा लाल ठसा पाहिला. मग कमरेचा रुमाल काढला, त्याचे टोक जिभेवर ओले केले, आणि शेजारणीला म्हणाली, “जरा बघ गं, माझे कसे दिसतात ते.”

आणि ती ओठ पुसू लागली.